करंजखेडची पांढरी

मौजे करंजखेड, सुलतानपूरजवळ
१२ फेब्रुवारी १९३२

रा. रा. अनंतराव मास्तर यायले शेषराव पाटलाचा रामराम.

इकडं सारं ठीक हाय. तुमची बहीण सुभद्रा बरी हाय, तुमची याद करते. शकुंतलावहिनीची आन् चारूची खुशाली धाडा.

पत्र लिहाचं कारण असं का, गोठ्याच्या भिताडायले माती पाह्यजे म्हून मी गावामांगच्या टेकाडावर मजूर लावले. लग्नात तुम्ही पाह्यलं हाय ते टेकाड. तिथं कधी काळी गाव होतं. कधी बसलं, काऊन उठलं, कोणालेच ठाऊक नाही. आम्ही त्याले पांढरी म्हणतो. दोन हात खाली गेलो तं खापरंच खापरं. लाल खापर आन् वरतून काळ्या रेघा, एका तुकड्यावर हरण काढेल हाय. दगडाचं एक पातं निघालं, बोटाएवढं, पण आजही कातडी कापते. आमची मजूरबाई तानुबाई, तिले लाल मणी सापडले.

आमचा आजा म्हणे, पांढरीत धन हाय आन् त्याच्यावर राखणदार बसेल हाय. तुम्ही शिकेल माणूस. साऱ्या जगातल्या जुन्या राज्यायचं पुस्तक लिहून राह्यले, असं सुभद्रा सांगते. तं मले सांगा, हे लोक कोण? यायचा राजा कोण होता? आन् जुन्या काळचे लोक खरंच जमिनीत धन ठेवत का?

उत्तर लवकर धाडा.

शेषराव


खामगाव
२१ फेब्रुवारी १९३२

रा. रा. शेषराव पाटील यांस अनंताचा सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत हाती पडलं, आणि पुढच्या तासाला मी मुलांना काय शिकवलं ते मला आठवत नाही. शेषराव, तुमच्या गोठ्याच्या मातीत काय निघालंय याची तुम्हाला कल्पना नाही!

सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही शिकवत होतो की हिंदुस्थानात फार जुनी शहरं नव्हतीच. मग सिंधमध्ये उकरलं, तर पाच हजार वर्षांपूर्वीचं अख्खं शहर निघालं. सरळ रस्ते, घरोघरी न्हाणी, झाकलेली गटारं. गंमत म्हणजे त्यात राजवाडा म्हणावा असं काही सापडत नाही. राजा होता की नव्हता, देव कोण, ते कसे गेले, कुणी सांगू शकत नाही. उलट मिसर देश, म्हणजे इजिप्त, पाहा. तिथे राजा हाच देव. दहा वर्षांपूर्वी एका पोरसवदा राजाचं थडगं उघडलं, त्यात सोन्याची शवपेटी निघाली. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच आहे. ते लोक जमिनीत धन ठेवत.

आणि इराकातलं ऊर! तिथल्या राजेलोकांच्या थडग्यांची हकीकत नुकतीच वाचली. एका खड्ड्यात चौऱ्याहत्तर माणसं ओळीने निजलेली सापडली, बहुतेक बायका, अंगावर दागिने, जवळ पेले. धन्याबरोबर गेलेली. झटापटीची खूण नाही.

माझ्या पुस्तकाचा गाभा हाच आहे. ही राज्यं हजार-हजार वर्षं का टिकली, आणि आपली देवगिरी का पडली? सांगतात की वेढ्यात कोठारं उघडली तर धान्याच्या जागी मिठाची पोती निघाली, आणि राज्य गेलं. मी त्या प्रकरणात एक वाक्य लिहिलं आहे, तुम्हालाही आवडेल: ‘ज्यांनी आपलं प्रियतम जमिनीला दिलं, त्यांनाच जमिनीने राज्य दिलं.’

आता कृपा करून घाई करू नका. प्रत्येक वस्तू किती खोल सापडली ते लिहून ठेवा. मी सुट्टीत येईन.

तुमचा,
अनंत


करंजखेड
१५ मार्च १९३२

अनंतराव मास्तरायले रामराम.

तुमचं पत्र मी चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवलं.  ते वाक्य तं लोकायनं दोनदा वाचाले लावलं.

सध्या देवळात इंद्रभानबुवा म्हून एक साधू उतरेल हायेत. ते निजामाच्या मोगलाईतून आले. त्यायले पांढरीतली विद्या ठाऊक हाय. त्यायनं पत्र तीनदा ऐकलं आन् म्हणे, हा मास्तर जाणकार हाय, यानं न पाह्यता बरोबर लिहिलं.

बुवायनं माह्या घराचंही सांगतलं. आमचे तीन लेकरं गेले, तुम्हाले ठाऊकच हाय. एकही वर्साचं झालं नाही. बुवा म्हणते, पांढरीच्या मातीनं पाटलाचा वाडा बांधला, राखणदाराले काही भेटलं नाही, म्हून तो पाळण्यातून घेते. ते धन मोकळं केलं तं घर वाढंन. अनंतराव, मले सोनं नोको. सुभद्रेच्या मांडीवर एक लेकरू पाह्यजे.

तं तुम्हाले इचारतो. ते चौऱ्याहत्तर लोक खुशीनं गेले का? कोणाले निवडत? त्याच्यात लहान लेकरं असत का? सारं खुलासेवार लिहा. बुवायले ऐकाचं हाय.

शेषराव


खामगाव
२४ मार्च १९३२

प्रिय शेषराव,

तुमच्यासारखे प्रश्न विचारणारा एक जरी विद्यार्थी माझ्या वर्गात असता! बुवांचं ज्ञान मी पत्रापुरतं बाजूला ठेवतो, पण त्यांची जिज्ञासा खरी आहे.

खुशीने गेले का? वाटतं तसं. प्रत्येकाजवळ पेला होता, त्यातून गुंगीचं काही प्यायले असावेत. एका मुलीची हकीकत मनाला लागते. इतर साऱ्या जणींच्या केसांत चांदीची फीत होती, हिची मात्र गुंडाळी तशीच कमरेपाशी सापडली. यायला उशीर झाला असावा, माळायला वेळ मिळाला नाही.

लहान मुलांचं विचारलंत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज नावाचं मोठं व्यापारी राज्य होतं. तिथे मडक्यांत मुलांच्या अस्थी सापडल्या आहेत, शेकड्यांनी. जुने ग्रंथकार म्हणतात, राज्यावर संकट आलं की चांगल्या घरची मुलं देवाला देत. निवड कशी करत? निर्दोष, अव्यंग, जन्माने वेगळी खूण असलेली मुलं श्रेष्ठ मानत असावेत, असा माझा तर्क आहे. रोमने पुढे त्या शहराची राखरांगोळी केली आणि त्यांना रानटी म्हटलं. पण खुद्द रोमनेही संकटात माणसं जिवंत पुरली होती. बाबिलोनच्या राजाने तर दगडावर कायदे कोरले, विधवांची आणि पोरक्यांची काळजी वाहिली, तरी त्याचं राज्यही मातीतच गेलं. म्हणून मी कुणाचा निवाडा करत नाही. इतिहास लिहिणाऱ्याने निवाडा करू नये. कोणत्या श्रद्धेवर राज्य उभं राहिलं एवढंच त्याने सांगावं.

तुमच्या तीन बाळांबद्दल मी कधी दोन शब्द लिहिले नाहीत, आजही सुचत नाहीत. सुभाला सांभाळा.

अनंत


करंजखेड
१४ एप्रिल १९३२

अनंतरावले रामराम.

शाळेले सुट्टी लागली असंन. आंबे उतरले. आखाजीच्या सणाले चारूले इकडं धाडा. तिच्या आत्यानं ध्यास घेतला हाय. आमच्या गावचे नारायणराव कापूस घालाले खामगावले येऊन राह्यले, त्यायच्या बैलाच्या दमनीत घेऊन येतीन.

आन् एक काम हाय, हसू नोका. माही कंबर धरली हाय, उठता बसता येत नाही. सुभद्रा सांगे, चारू पायाळू हाय, पायाकडून जन्मली. पायाळूची लाथ कमरेत बसली का चमक निघून जाते, हे तं तुमच्या मायलेही ठाऊक होतं. तवा पोरीले धाडाच.

शेषराव


खामगाव
१ मे १९३२

प्रिय शेषराव,

चारू सुखरूप पोचल्याचं तिच्या कार्डावरून कळलं. घरात वाचून फार हसलो. तिने लिहिलंय ते असं:

‘बाबा, मी आतोबांच्या कमरेत लाथ मारली, ते बरे झाले. मला रोज दूधभात मिळतो. इथे एक बुवा आहेत. ते रोज मला हळद लावून आंघोळ घालायला सांगतात. त्यांनी दोरीने माझी उंची मोजली आणि दोरी डबीत ठेवली. मला हिरवा परकर शिवला आहे. मला विहिरीवर जाऊ देत नाहीत, पडले तर लागेल म्हणतात. आत्या लोणारला गेली आहे.’

एवढ्याशा कार्डात ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका आहेत, आल्यावर कान धरीन. शकुंतला मात्र कार्ड वाचल्यापासून बेचैन आहे. ‘उंची कशाला मोजली?’ एवढंच परत परत विचारते. मी म्हटलं, परकराचं माप घेतलं असेल. ‘मग दोरी डबीत का?’ मी तिची समजूत घातली. नऊ वर्षांच्या मुलीला लाड म्हणजे काय, आणि रिवाज म्हणजे काय, हे कसं कळणार? जे दिसलं ते लिहिलं.

सुभा कधी परत येते? ती नसताना चारू त्रास तर देत नाही ना?

माझी खापरं जपून ठेवा. मी पंधरा तारखेला येतो.

अनंत


करंजखेड
६ मे १९३२

दादा,

चारू नारायणरावसंगं येऊन राह्यली. पह्यले तिले पोटाशी धर, मंगच हे वाच. तिच्या अंगावर ओरखडाही नाही. हे मी पह्यले लिहिते, मंग बाकीचं. 

मले लोणारले कमळजादेवीच्या ओटीले धाडलं. म्हणे नऊ दिवस तिथंच राहा, उपास धर, लेकरू होईन. मी गेले. चारू माह्या घरी, तिच्या आतोबापाशी, मले कशाचं भेव?

काल अमुशा होती. काल सकाळी तानुबाई पाई चालत लोणारले आली.  मी पाणी पाजलं तवा म्हणे, ‘बाई, मजुरायले आज येऊ नोका म्हून सांगतलं. पांढरीवर पाटील, बुवा आन् त्याचे दोन चेले, येवढेच हायेत. पोरीले हळद लावून राह्यले. बुवानं परातीत कोयता ठेवला आन् त्याले कुंकू लावलं. मी झाडामांगून पाह्यलं.’

मी म्हटलं, ‘कोंबडं देत असतीन.’

तानुबाई म्हणे, ‘कोंबडं नाही तिथं बाई. पोरगीच हाय.’

दादा, मी कशी आले ते मले सांगता येत नाही. एका गाडीवाल्याले बांगडी काढून देली, सुलतानपूरपासून पळत आले. दोपार भरेल होती. टेकाडावर चढले तं खड्डा दिसला, पुरुषभर खोल. खड्ड्याच्या काठावर चारू उभी. हिरवा परकर, गळ्यात झेंडूची माळ, कपाळभर कुंकू. रडत नव्हती. पळत नव्हती. हात जोडून उभी होती, शाळेत प्रार्थनेले उभी राहते तशी.

आन् बुवाच्या हातात तुहं पत्र होतं. दुरूनच मी अक्षर ओळखलं. त्याच अक्षरावरून मी लिहाले शिकले ना! तो वाचत होता, ‘ज्यांनी आपलं प्रियतम जमिनीला दिलं...’ आन् तिले सांगत होता, ‘हे तुह्या बापानं लिहिलं हाय, बाई. त्याची हरकत नाही.’

आमच्या यायनं मले पाह्यलं. तोंड पांढरं पडलं. ‘तू कायले आली? जाय घरी.’

खाली खड्ड्यात दोन रांजण होते, आडवे, तोंडाले तोंड लावून ठेवेल. नुकतेच फोडले होते. साऱ्यायले वाटलं सोनं. बुवा म्हणे, ‘पाहा बाई, सोन्याच्या वरतून राखणदार निजेल हाय. मांगच्या लोकायनं त्याले लेकरू देलं होतं. ते जुनं झालं. आता तो नवं मांगते.’

मी खड्ड्यात उतरले. कोणी आडवं आलं नाही. मी त्या रांजणाजवळ बसले, आन् दादा, त्याच्यात एक बाळ होतं. येवढं येवढं. हाडं काडीसारखी. गुडघे पोटाशी घेऊन निजेल. मी त्याचं डोकं ओंजळीत घेतलं. जबडा पाह्यला.

मी म्हटलं, ‘बुवा, हा तुमचा राखणदार? याले अजून दात नाही आले.’

बुवा वरतून वरडला, ‘बाईमाणसानं हात लावला, घात झाला! पाटील, घटका टळून राह्यली.’

पण मी बोलतच गेले. डोळ्यायले दिसत होतं ते बोलत होते. रांजणाच्या बाजूले भाजेल माती, तीन दगड, राख. ती चूल होती. वरतून चोपेल जमीन, घरातली. रांजणात एक नकटं वाडगं, आन् एक तोटीचं लहान भांडं, लेकराले दूध पाजतो ना, तसंच. गळ्याजवळ लाल मणी, सुतात ओवले असतीन, सूत सडून गेलं. मी म्हटलं, ‘बळी द्याचा असता तं चुलीजवळ काऊन पुरला असता? मेलेल्या बळीले दुधाचं भांडं कोण देते? हे मायनं ठेवलं हाय. लेकरू गेलं, तिले ते रानात टाकवलं नाही, म्हून तिनं घरातच, आपण रांधते तिथंच ठेवलं. रात्री त्याले भेव नोको वाटाले. बुवा, मले शिकवू नोका. मी तीन ठेवले हायेत.’

मंग मी यायच्याकडं पाह्यलं. म्हटलं, ‘तुम्ही खड्डे खोदले. मी प्रत्येकात एक वाटी ठेवली होती, दुधाची, तुमची पाठ फिरली तवा. आता सांगा, हजार वर्सानं कोणी ते खड्डे उघडले आन् म्हटलं, शेषराव पाटलानं आपली लेकरं कापली, तं?’

दादा, हे खालीच बसले.  मंग उठले, चारूच्या गळ्यातली माळ तोडली आन् तिले खांद्यावर घेतलं. बुवा आडवा आला, तं यायनं परातीतला कोयता उचलला. बुवा आन् ते दोघं पत्र तिथंच टाकून टेकाडाच्या मांगून पळाले, मोगलाईच्या वाटेनं. यायनं कोयता विहिरीत फेकला. घरी आल्यावर पोरीची हळद यायनंच धुतली, आन् रडून राह्यले होते.

मले अजून समजत नाही. हा माणूस रातभर तापातल्या वासराले मांडीवर घेऊन बसणारा. त्यानं चारूले तिथं उभी केली. आन् तू, माहा शिकेल भाऊ. तुनं काय लिहिलं रे ते?

मी ते बाळ परत तसंच ठेवलं. माती सारली. तुले त्याची खापरं पाह्यजे असतीन, पण मी देणार नाही.

एक सांग मले. तुह्या पुस्तकात मोठेमोठे राज्य हायेत. त्या बाळाच्या मायचं राज्य कोणतं? तिचा राजा कोण होता, देव कोण होता, काहीच ठाऊक नाही. तिले तू कुठी बसवशीन?

सुभद्रा


खामगाव
९ मे १९३२

शेषराव,

नमस्कार लिहिणार होतो, हात चालला नाही.

चारू आली. तिच्या कानामागे अजून हळद आहे. शकुंतला तीन वेळा धुते, निघत नाही. ती माझ्याशी बोलत नाही. शकुंतला म्हणतोय मी, चारू नाही. चारू तर कुणाशीच बोलत नाही.

मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता. तुमची कंबर! मी पत्र वाचून हसलो होतो. शकुंतलेने दोरीचं विचारलं तेव्हाही हसलो. तुम्ही त्या पोरीला दूधभात भरवत होतात आणि मनात काय होतं? कुठल्या क्षणी ठरवलंत? तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं का?

मी ठाण्यावर जाणार आहे. सुभाचा नवरा आहात म्हणून गप्प बसेन असं समजू नका.

माझी फेब्रुवारी-मार्चमधली दोन्ही पत्रं तुमच्याकडे आहेत. ती माझी आहेत, ताबडतोब परत पाठवा. त्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. मी इतिहास लिहिला होता.

अनंत


करंजखेड
१४ मे १९३२

अनंतराव,

रामराम म्हणाचा हक्क राह्यला नाही, म्हून लिहीत नाही.

तुम्ही इचारलं, पह्यलेपासून ठाऊक होतं का. नाही. बुवा म्हणे पायाळूची नजर मातीखाली जाते, पोरगी फक्त जागा दाखवंन. मी खरं मानलं. जागा तिनं दाखवली, खेळता खेळता पाय आपटला, तिथंच खोदलं. मंग अमुशेच्या तीन दिवस आंधी बुवानं खरं सांगतलं. मी त्याले मारलं नाही. हाकललं नाही. मी म्हटलं, मास्तरची पोरगी हाय ती. तो म्हणे, म्हूनच. मास्तरनंच लिहिलं हाय, प्रियतम लागते. तुमचं स्वतःचं नाही, तं तुमच्या जवळचं.

तीन दिवस मी इचार करत होतो असं मी स्वतःले सांगत राह्यलो. पण इचार करत नव्हतो. पोरीले दूधभात वाढत होतो. ती म्हणे, आतोबा, तुम्ही काऊन नाही जेवत? अनंतराव, ते तीन दिवस हाच माहा गुन्हा हाय. कोयत्याची गोष्ट तं शेवटची.

सुभद्रा खड्ड्यात बोलली नसती तं मी काय केलं असतं? मी नसतंच होऊ देलं, असं लिहाले बसलो होतो. खोडलं. मले ठाऊक नाही. हे मले ठाऊक नाही, ह्याचंच भेव वाटते आता. आरशात पाहाले जीव होत नाही.

तीन वाट्या. बारा वर्सं झाली, ह्या बाईनं मले सांगतलं नाही.

तुमची पत्रं सोबत धाडली. तुमचीच हायेत. जाळा, ठेवा, काय पाह्यजे ते करा. तुम्ही ठाण्यावर जाऊ नोका, मीच उद्या मेहकरले जाऊन राह्यलो, सारं सांगणार हाय. तुमचं नाव माह्या तोंडून निघणार नाही. तुम्ही पुस्तक लिहिणारे, तुमचं नाव चांगलं राह्यलं पाह्यजे.

सुभद्रेले तुमच्याकडं बोलवा, ती येईन तं.

शेषराव


खामगाव
१२ जून १९३२

सुभा,

शेषरावांना बुलढाण्याला नेल्याचं तू कळवलंस. तू इकडे येणार नाहीस, पेरणी तूच करणार, तानुबाई सोबतीला आहे, हेही वाचलं. मी आग्रह करत नाही. इंद्रभान मोगलाईत शिरला, निजामाच्या पोलिसांकडे कागद गेले आहेत म्हणतात. सापडेल की नाही कोण जाणे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. पुस्तक मी बांधून ठेवलं आहे. पहिल्या पानापासून वाचलं, तर त्यात राजे होते, देव होते, वेढे आणि कोठारं होती, आणि सबंध दोनशे पानांत रडणारं माणूस एकही नव्हतं. कार्थेजच्या मडक्यांवर मी पाच ओळी लिहिल्या होत्या. त्यांतली किती मडकी आईने ठेवली होती आणि किती राज्याने, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नाही असं लिहिण्याऐवजी मी तर्क केला. ‘जन्माने वेगळी खूण असलेली मुलं.’ सुभा, हे कुठल्याही ग्रंथात नाही. वाक्य भरदार व्हावं म्हणून मी माझ्या मनाने लिहिलं.

पत्रं शेषरावांनी परत पाठवली. मी ती कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. मला हायसं वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. ते स्वतः ठाण्यावर जात होते, माझं नाव घेणार नव्हते, आणि मी शाळा उघडायची वाट पाहत होतो. पंधरा-वीस दिवस मी असा राहिलो.

मग गेल्या सोमवारी मी पत्रं घेतली आणि बुलढाण्याला गेलो. पोलीस साहेबांपुढे दोन्ही ठेवली आणि माझा जबाब लिहून दिला. त्यांनी वाचलं. म्हणाले, ‘मास्तर, आरोपीने तुमचं नाव सांगितलेलं नाही. ही कुणी मागितली नव्हती. यावर खटला होणार नाही, पण तुमची नोकरी जाऊ शकते. का आणलीत?’ मी त्यांना उत्तर दिलं नाही. शाळेच्या मंडळींनी मला कालपासून घरी बसवलं आहे, ते वेगळं.

उत्तर तुला देतो. आदल्या रविवारी दुपारी मी चारूची पाटी पुसून तिला शुद्धलेखन घालत होतो. महिनाभर ती हो-नाही शिवाय बोलली नव्हती. मी पाटीवर एक ओळ काढून दिली. ती त्या ओळीकडे पाहत बसली. पेन्सिल उचलेना. मी विचारलं, ‘चारू, त्या दिवशी तू पळाली का नाहीस गं? गाव तर समोरच होतं. ओरडली असतीस तरी कुणी आलं असतं.’ मला वाटलं होतं, ती म्हणेल की धरून ठेवलं होतं, किंवा काही प्यायला दिलं होतं.

तिने पाटी माझ्याकडे सरकवली. म्हणाली, ‘बुवांनी कागद दाखवला. तुमचं अक्षर होतं ना, बाबा. म्हणून मी पळाले नाही.’

तुझा,
अनंत